ब्रेकताई आणि होडीचं वजन

शाळेची गाडी चालवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या त्या बाईंना लोक ब्रेकताई म्हणायचे, याला दोन कारणं होती. पहिलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. सकाळी गाडी सुरू केली की त्या ती गल्लीतच चार हात पुढे नेत, कचकन ब्रेक दाबत, आणि गाडी जागच्या जागी थांबली की मगच मान हलवून निघत. दुसरं कारण घरचं. भावाच्या, भाच्यांच्या, कुणाच्याही डोक्यात एखादी भन्नाट कल्पना आली, की ती ताईंच्या कानावर पडेपर्यंतच धावायची. "सगळं खरं रे, पण..." एवढं त्या म्हणाल्या, की पुढचं सगळं थंड. नाव कुणी पाडलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ताईंना ते मनातून आवडायचं.

निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. तिसरी गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. दोन खोल्यांचं घर, एकटा जीव, स्वयंपाक तो केवढासा. दुपारी खुर्चीत बसल्या की बाहेरून एखादी गाडी वळायची आणि ताईंचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

अशात एक दिवस थोरल्या भावाचा, दादांचा, फोन आला.

"अगं, जरा येऊन जा."

"काय झालं? बरं नाही का?"

"बरा आहे गं. एक वस्तू दाखवायची आहे."

दादा सुतार. निम्म्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या हातची. वहिनी गेल्यापासून त्यांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं होतं आणि घरामागच्या मोठ्या शेडमध्ये ते काहीतरी ठोकत बसायचे, एवढं ताईंना माहीत होतं. काय करतोस विचारलं तर "चाललंय काहीतरी" हे उत्तर. कपाट असेल, पलंग असेल, असं म्हणून ताईंनी विषय सोडून दिला होता. मन रमलंय ना, मग झालं.

त्या गेल्या. दादांनी शेडचं दार लोटलं, ताडपत्रीची दोरी सोडली आणि ताडपत्री हळूहळू ओढत मागच्या टोकापर्यंत नेली.

ताई दारातच थबकल्या.

ती होडी होती. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाकडाच्या फळ्या पुढच्या टोकाशी एकत्र येऊन वर उचललेल्या, मध्ये पोटाशी फुगलेल्या आणि मागे पुन्हा हळूच आत वळलेल्या. एक फळी कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन तिच्या कुशीवर पसरलं होतं आणि जिवंत जनावराच्या अंगावर चमकावं तसं चमकत होतं. ताईंनी हात पुढे केला, पण लावायचा धीर होईना.

"लाव की हात. चावत नाही," दादा म्हणाले.

ताईंनी तळहात टेकवला. गार, गुळगुळीत. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. ज्या भावाबरोबर लहानपणी कैक वेळा भांडल्या, ज्याच्या पाठीचं दुखणं नि ज्याच्या औषधांच्या वेळा त्यांना पाठ होत्या, त्याच्या पोटात हे एवढं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता!

"दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"नाही, उंदरांनी केलं," दादा म्हणाले आणि लगेच पाठ फिरवून दोरी गुंडाळू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

चहा झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. होडी तळ्यावर न्यायची होती. तळं टेकडीपलीकडे. मालवाहतूकवाला येऊन पाहून गेला होता. त्याचा मोठा ट्रक या गल्लीत वळणं शक्य नव्हतं. लहान गाडी आणि मागे ट्रेलर, एवढाच मार्ग होता.

"शेडच्या दारातून निघेल का पण?" ताईंनी विचारलं.

दादांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ताईंनी जीभच चावली. आयुष्यभर दारं बसवलेल्या माणसाला हे विचारायचं?

"दाराचं सोड," ते म्हणाले. "ओढायला कुणीतरी हवं. तुझ्याइतकी भरवशाची चालक मला दुसरी ठाऊक नाही."

परत येताना ताईंना पायाखालचा रस्ता दिसत नव्हता. आठवडाभर त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरत होत्या.

पिकअप मिळाली ती हिरव्या रंगाची, आधीच्या मालकाने भरपूर राबवलेली. पण इंजिनाचा आवाज घोटीव होता आणि ब्रेक दाबल्यावर गाडी नाक वाकडं न करता थांबली. विक्रेता तोंडाने गोड होता.

"ताई, ही गाडी हत्ती ओढेल हत्ती!"

"हत्तीचं वजन किती असतं?" ताईंनी विचारलं.

"अं... म्हणजे आपली एक म्हणायची पद्धत असते, ताई."

"म्हणायला हरकत नाही हो. पण मला खरोखरच ओढायचं आहे."

विक्रेत्याने या गाडीच्या जाहिरातीचा कागद काढून दाखवला. त्यावर छापलं होतं, तीन टन. ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गाडी घेऊन सरळ मेकॅनिककडे गेल्या. हा मेकॅनिक पहिलीपासून त्यांच्या गाडीतून शाळेत गेलेला. पहिल्या वर्षी रोज वळणावर ओकायचा; आता पोट सुटलं होतं, डोक्यावरचे केस मागे हटले होते, पण ताईंसमोर अजूनही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

त्याने कागद वाचला आणि हसू दाबलं. "ताई, हा आकडा नव्या कोऱ्या गाडीचा. आत एक ड्रायव्हर, तोही बारीक. बाकी गाडी रिकामी. तुम्ही आणि मी या आकड्यात बसतच नाही."

"मग आपला आकडा कोणता?"

"तो शोधायला लागेल."

आणि शोध सुरू झाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर धातूची पट्टी होती. मेकॅनिकने चिंधीने तेल-धूळ पुसली तेव्हा अक्षरं दिसली. गाडी, आतली माणसं, सामान, मागे ओढलेला भार, सगळं धरून चार हजार सहाशे किलो. त्यापलीकडे जायचं नाही.

"म्हणजे यातून गाडीचं वजन वजा केलं की उरेल ते आपलं," ताई म्हणाल्या.

"हो, पण आजच्या गाडीचं. आधीच्या मालकाने पुढे हे लोखंडी कुंपण लावलंय, मागे हत्यारांची पेटी बसवलीय. ते सगळं वाढलं."

ताई गेल्या वजनकाट्यावर. टाकी भरून, शेजारी दादांना बसवून, दोर, जॅक, पाण्याचा डबा, लाकडी ठोकळे, जे जे त्या दिवशी बरोबर असणार ते सगळं घेऊन. वाळूचे ट्रक रांगेत उभे होते. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माल काय?"

"आम्हीच," ताई म्हणाल्या.

दोन हजार दोनशे भरले. म्हणजे मागे ओढायला उरले दोन हजार चारशे. दादांनी मांडीवर थाप मारली. "झालं की! आणखी काय हवं?"

पण मेकॅनिक गाडीखाली सरपटला होता. मागचा हूक, ज्याच्यात ट्रेलर अडकवायचा, तो कारखान्यातून आलेला नव्हता. आधीच्या मालकाने नंतर बसवलेला. त्यावरही एक चिमुकली पट्टी. मेकॅनिकने आडवं पडूनच ओरडून सांगितलं, "ताई, दोन हजार! इंजिन कितीही म्हणू दे, हूक दोन हजारच म्हणतोय."

"मग दोन हजारच," ताई म्हणाल्या. सगळ्यांत कमी बोलणाऱ्याचं ऐकायचं, हे त्यांना मुलांनी भरलेल्या गाडीतच कळलं होतं. "आणि थांबवायचं कसं?"

"मी तेच म्हणणार होतो. एवढं वजन गाडीच्या ब्रेकवर टाकायचं नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत." त्याने हूकचे गंजलेले बोल्ट बदलले, चालू ब्रेकवाला ट्रेलर एका ओळखीच्याकडून मिळवून दिला. रिकाम्या ट्रेलरचं वजन पाचशे. म्हणजे होडीच्या वाट्याला आले दीड हजार.

आता होडीचं वजन किती?

"हजार," दादा म्हणाले. "फार तर अकराशे."

"कशावरून?"

"एकेक फळी मीच उचललीय ना!"

रात्रभर तो हजार ताईंच्या डोक्यात लोळत राहिला. पेच असा होता, की होडी काट्यावर न्यायची तर आधी ओढावी लागणार; आणि ओढायची तर आधी वजन कळायला हवं. सकाळी दात घासता घासता त्यांना भंगारवाला आठवला.

कोपऱ्यावरच्या या भंगारवाल्याकडे लोंबता काटा होता. इंजिनं, बॉयलर, तुटके जिने असलं सगळं तो साखळीला टांगून मोजायचा. "होडी मोजायचीय" म्हटल्यावर तो म्हणाला, "मोडली का?" ताई म्हणाल्या, "तुम्ही काटा घेऊन या तर खरं."

शेडच्या आढ्याला दोन जाड तुळया होत्या आणि दोन्हींना चेन कप्प्या. ताईंनी वर पाहिलं. "तुळई पेलेल ना?"

"ती मी बसवलीय," दादा म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

होडीच्या पुढच्या बाजूला एक रुंद पट्टा घातला, मागे दुसरा. आधी मागची बाजू पट्ट्याखालच्या ठोकळ्यावर टेकलेली ठेवून पुढची बाजू काट्याला टांगली. भंगारवाल्याने साखळी ओढायला घेतली. कप्पी करकरली, पट्टा ताणला गेला, आणि जिथे बांधली गेली तिथून आजवर तसूभरही न हललेली ती होडी जमिनीवरून केसभर उचलली गेली. साखळी ओढताना भंगारवाल्याची नजर काट्यावरून होडीकडे गेली ती तिथेच राहिली.

"भाऊ, आकडा?" ताई म्हणाल्या.

"हां. सातशे दहा." मग तो दादांकडे वळला. "मालक, या काट्याला मी आजवर मोडलेल्याच वस्तू टांगल्या हो. अख्खी अशी ही पहिलीच." आणि त्याने पँटला हात पुसले, मगच पुन्हा साखळी धरली.

मागची बाजू भरली नऊशे सत्तर. ताईंनी मनात बेरीज केली. सोळाशे ऐंशी. ट्रेलर धरून दोन हजार एकशे ऐंशी.

"जास्त होतंय, दादा."

"कितीने?"

"एकशे ऐंशीने."

"हात्तिच्या! एवढ्याने काय होतंय? हूक करणारे थोडं हातचं राखूनच लिहितात."

"असेल. पण त्यांनी राखलेलं त्यांच्याकडे राहू दे. उताराला मला ते लागलं तर?"

"अगं, एकदाच तर जायचंय!"

"सगळं खरं रे, पण..."

दादांचा चेहरा पडला. ते बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले. भंगारवाला उगाच काट्याची आकडी तपासत राहिला. ताईंना रडू फुटायचंच बाकी होतं. एवढी देखणी वस्तू, भावाच्या म्हातारपणाची सगळी कमाई, आणि तिच्यापुढे आपण पुन्हा ब्रेक दाबून उभ्या! पण त्यांच्या डोळ्यांसमोर टेकडीपलीकडचा उतार होता, त्या उताराच्या तळाशी असलेली घरं होती, आणि त्या घरांच्या दारात खेळणारी पोरं होती. कितीही वाईट वाटलं तरी आकडा कमी होणार नव्हता.

बऱ्याच वेळाने दादा आत आले. होडीत चढले, तळाच्या फळ्या उचलल्या आणि खालून एक लोखंडी वीट काढून बाहेर धरली.

"घे."

"हे काय?"

"वारा लागल्यावर होडी कलंडू नये म्हणून तळात वजन ठेवतात. नेहमीचं राहायचं म्हणून पक्कं बसवलं होतं. काढता येतं." त्यांनी दुसरी वीट उचलली. "मला काढायचं नव्हतं. ती पुरी झालेली न्यायची होती."

ताईंनी वीट घेतली. तिच्या भाराने त्यांचे दोन्ही हात खाली गेले. मग तिघांनी मिळून एकेक वीट बाहेर आणून भिंतीशी रचली. सगळ्या मिळून तीनशे चाळीस किलो निघाल्या. होडी राहिली तेराशे चाळीस, ट्रेलरसह अठराशे चाळीस. हूकच्या हद्दीच्या आत, आणि वर थोडी मोकळी जागा.

"आता?" दादांनी विचारलं.

"आता जाऊ," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द इतका सरळ निघालेला पाहून दादाच गडबडले.

निघायच्या सकाळी होडी कप्प्यांवर उचलून ट्रेलर खाली सरकवला. मेकॅनिक आला होता. ट्रेलरच्या नाकावर किती भार येतो तेही पाहायला हवं, असं त्याचं म्हणणं. फार कमी आला तर मागचं धूड शेपटीसारखं हेलकावे खातं आणि गाडीलाच फिरवतं. साधारण दहावा हिस्सा यायला हवा. काटा लावला तर जेमतेम नव्वद. होडी पुन्हा उचलली, थोडी पुढे घेतली, पुन्हा मोजलं. एकशे नव्वद. मेकॅनिकने अंगठा दाखवला.

शेडच्या दारातून ती बाहेर आली तेव्हा दोन्ही बाजूंना वीतभर जागा होती. शेजारणी ओट्यावर आल्या होत्या, आणि सदा कुचकट बोलणारा समोरचा शिंपीसुद्धा गळ्यातली टेप हातात धरून गप्प उभा होता. ताईंनी गाडी चार हात पुढे नेली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. मागचा ट्रेलर थांबला. होडी पट्ट्यांत जराशी कण्हली आणि थांबली.

"निघायचं?" दादांनी विचारलं.

ताईंनी मान हलवली.

चढ इंजिनाने दात-ओठ खाऊन काढला. गाडी मुलांच्या गाडीसारखी नव्हती. मुलं म्हणजे हलका, उड्या मारणारा, गोंगाटाचा भार. हा भार मुका होता. सीटमधून, स्टिअरिंगमधून तो ताईंना सतत जाणवत होता. आरशात पाहिलं की काच भरून फक्त होडीचं उचललेलं टोक दिसे. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी हूक, साखळ्या, चाकांचा गरमपणा, सगळं हात लावून पाहिलं. पलीकडे खाली तळं पसरलं होतं.

उताराला दुसरा गिअर. आता होडी त्यांना ढकलू लागली. दादांनी दाराची मूठ घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. ताई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांना तिचं वजन ठाऊक होतं, आपलं ठाऊक होतं, कोण कुणाला किती धरून आहे ते ठाऊक होतं. वळणावर ब्रेक लागले तेव्हा मागच्या चाकांनीही धरलं, आणि एवढं मोठं धूड शहाण्या बैलासारखं त्यांच्या पाठोपाठ वळलं. हे सगळं आपल्या एका पायाखाली आहे!

तळ्याच्या काठी पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार होता. ताईंनी ट्रेलर मागे मागे नेला, चाकं बुडेपर्यंत. मग आणखी थोडा. दादा गुडघाभर पाण्यात उभे राहून हात हलवत होते. "ये... ये... बस!"

ताई उतरल्या. चपला काठावर ठेवून पाण्यात गेल्या. दादांनी पट्टे सोडले. क्षणभर काहीच झालं नाही. मग होडीच्या मागच्या टोकाने, जसं कुणी झोपेतून मान उचलावी तसं, स्वतःला उचललं. ट्रेलरच्या स्प्रिंगचे दबलेले पाटे सुस्कारा टाकून वर आले. ती तरंगत होती.

"ढकल," दादा म्हणाले.

"मी?"

"बोटाने ढकल."

ताईंनी टोकाला एक बोट लावलं. तेराशे चाळीस किलो. जिच्यासाठी पट्ट्या पुसल्या, बोल्ट बदलले, काटे टांगले, भावाशी भांडल्या, ती होडी त्यांच्या बोटापासून गुपचूप, पिसासारखी दूर सरकली. दोर ताणला गेला तेव्हा थांबली. ताईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग पुन्हा होडीकडे. पाण्यात वस्तू तरंगतात हे त्यांना ठाऊक होतंच की, सगळ्यांनाच असतं. पण जिचा एकेक किलो आपण अंगावर घेऊन आलो ती अशी सुटते, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

दुपारी त्या रिकाम्या पिकअपने परत गेल्या आणि लोखंडी विटा, डोलकाठी आणि शीड घेऊन आल्या. डोलकाठी आधी उभी केली. दादा होडीत बसून एकेक वीट जागेवर लावत गेले आणि होडी दर विटेगणिक थोडी थोडी खाली बसत गेली. तिच्या कुशीवर एक निळी रेघ रंगवलेली ताईंना आता दिसली.

"पाणी इथवर यायचं," दादा म्हणाले.

शेवटची वीट लावून झाली तरी पाणी रेघेच्या बोटभर खालीच होतं.

"चुकलं वाटतं," ताई म्हणाल्या.

"कशाला चुकेल? ये आत."

"मला पोहता येत नाही, दादा."

"म्हणूनच तर विटा आहेत. ये."

त्यांनी भावाचा हात धरला आणि पाय आत टाकला. होडी त्यांच्या वजनाने झुकली, सावरली, स्थिर झाली. ताईंनी कडेवरून वाकून पाहिलं. पाणी निळ्या रेघेला टेकलं होतं.

"दोघांचं वजन धरून काढली होती," दादा म्हणाले आणि शिडाची दोरी सोडायला वळले.

शीड वर गेलं. आधी ते नुसतं फडफडलं, मग त्यात वारा शिरला आणि ते भरलं. कुठेही आवाज नाही, हादरा नाही. काठ मागे सरकू लागला. हिरवी पिकअप लहान होत गेली. ताईंचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते.

"दादा," त्यांनी विचारलं, "आपल्या सगळ्यांना मिळून ते एवढंसं कापड ओढतंय?"

"हो."

"आणि ते किती ओढू शकतं?"

दादा मोठ्याने हसले. ताईही हसल्या, आणि मान वर करून त्या भरलेल्या शिडाकडे पाहतच राहिल्या.